माता-पालक मेळाव्यातलं डकोटा

फुलीच्या टाक्याच्या भरतकामात सगळ्यात वैतागाचं काम कुठलं असेल तर ते आकाश भरण्याचं. विमान भरताना मजा असते. पंखाची कड येते, इंजिनाचा गोल येतो, खिडक्यांची रांग येते, दर दहा-बारा घरांनी दोरा बदलावा लागतो आणि माणूस जागा राहतो. आकाशात तसं काही नाही. निळी फुली, तिच्याशेजारी निळी फुली, खाली पुन्हा निळीच. म्हणून मी माझी सगळी विमानं जमिनीवर उभी करून ठेवली. बघणारे विचारायचे, विमान आहे तर उडताना का नाही दाखवलं? मी काहीतरी थातुरमातुर उत्तर द्यायचो. खरं कारण अर्धं आळसाचं होतं. उरलेलं अर्धं असं, की हवाई दलात मी पंधरा वर्षं काढली ती विमानाच्या खाली. चाकांना ठोकळे लावणारा, इंजिनाची झाकणं उघडणारा, तेलानं बरबटलेला फिटर होतो मी. वर गेलेलं विमान मला ठिपक्याएवढं दिसायचं, आणि ठिपका भरायला एक फुली पुरते.

कुंडलला, म्हणजे आमच्या गावी, घरटी एक माणूस फौजेत. पण हवाई दलात गेलेला त्या वेळी मी एकटाच, त्यामुळे पहिल्या सुट्टीत माझा भाव बराच वर होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "इमान चालवतोस व्हय रं?" मी म्हणालो, "न्हाई, पुसतो." तिथून भाव जो उतरला तो पुन्हा चढला नाही.

भरतकाम मी शिकलो ते लष्करी दवाखान्यात. डकोटा नावाच्या जुन्या मालवाहू विमानाच्या पंखावर तेल सांडलेलं होतं, त्यावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. तीन महिने पाय टांगून पडलो होतो. आमच्या वॉर्डच्या सिस्टरबाई केरळच्या. नुसतं पडून जवानांची डोकी फिरतात असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून त्या प्रत्येकाच्या हातात सुई देत. माझ्या शेजारच्या खाटेवर तोफखान्यातला एक मिशाळ हवालदार गुलाबाची फुलं भरत बसलेला असे. मला गुलाबाची लाज वाटली. माझ्या उशाशी डकोटाचा एक फोटो होता, तो मी पुढे केला. बाईंनी त्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायला शिकवलं, त्या चौकटी आलेखाच्या कागदावर उतरवायला शिकवलं, आणि मग मॅटीच्या कापडावर मोजायला. मॅटीला सारख्या अंतरावर छिद्रं असतात. चार छिद्रांचं एक घर, एका घरात एक फुली. सहा पदरी रेशमातले दोनच पदर सुईत घ्यायचे, आणि फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकला पाहिजे. मोजणीत एक घर चुकलं की पंख अंगाला जुळत नाही.

काम झालं की बाई कापड उलटं करून बघायच्या. पाठ नीट नसेल तर उसवायला लावायच्या. ही तपासणी मला आमच्या खात्यासारखीच वाटली आणि म्हणून आवडली. आमच्याकडे नियम असा होता, की नट ज्यानं आवळला त्यानंच वहीत सही करायची. दुसऱ्याच्या कामावर आपली सही करणं गुन्हा, आणि आपल्या कामावर दुसऱ्याला सही करू देणं हाही गुन्हाच. पंधरा वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नाही, आणि याचा मला जरा जास्तच गर्व होता.

नोकरी संपवून आलो आणि कोयनानगरला प्रकल्पावर फिटर म्हणून लागलो. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. बायको आणि पाच वर्षांची मुलगी सामानासकट आल्या. मांडणीवर भांडी लागली, खिडकीला पडदा लागला. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जमीन हलली. तिथल्या माणसांना त्याचं काही नसतं, ते हातातला चहाचा कप जरा घट्ट धरतात आणि पुढे बोलतात. पण आमच्या मांडणीवरची सगळी भांडी एकदम वाजली, आणि मुलगी घाबरून दारामागे जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. बायको म्हणाली, "आवं, ह्या हलत्या जमिनीवर मी लेकरू घिऊन ऱ्हानार न्हाई. तिकडं मामंजी थकल्यात, ऊस कोन बघनार? तुमी येत जावा सुट्टीला." तिचं काही चुकत नव्हतं. त्यांना गावी सोडून मी परत आलो, आणि पुढे सात-आठ वर्षं त्या क्वार्टरमध्ये एकटा राहिलो.

कोयनेचा पाऊस काय असतो ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. चार महिने कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, समोरचा डोंगर दिसत नाही. महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस गावी जायचो, पावसाळ्यात तेही नाही. ड्यूटीवरून आलो की शेजारच्या घरातून फोडणीचा वास यायचा, मुलांचे पाढे ऐकू यायचे. मी कुलूप काढायचो आणि आत सकाळी ठेवलेली पातेली तशीच असायची. मी एकटा होतो आणि मला ते सोसत नव्हतं, हे आता सरळ लिहायला हरकत नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मजेत आहे म्हणून सांगितलं असतं.

दवाखान्यातली ती सुई मी तिथं पुन्हा हातात घेतली. ट्रंकेत विमानांचे जुने फोटो होते. हार्वर्ड, डकोटा, दोन शेपट्यांचं पॅकेट. सगळी तेव्हाच मोडीत निघालेली, म्हणजे माझ्याच वयाची म्हणायची. मी एकेक फोटो घेऊन चौकटी पाडायला लागलो. मोजताना मला तोंडानं बोलायची सवय. "चौदा राखाडी, तीन काळ्या, पुन्हा नऊ राखाडी." एकदा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भावजी, तुमच्याकडं पाव्हणं आल्यात का? बोलन्याचा आवाज येतुया." मी हो म्हणालो. मग त्यांनी पाहुण्यांसाठी वाटीभर आमटी आणून दिली, आणि मी ती आत नेऊन एकटाच खाल्ली.

भरताना मी पडदा ओढून घ्यायचो. पुरुषानं भरतकाम करायचं म्हणजे हसं. दोरा आणायला कराडला जायचो. तिथल्या बांगड्या-रेशमाच्या दुकानदाराला पहिल्याच खेपेला सांगितलं, की बायकोला पाहिजे. एकदा बोलून गेल्यावर ते तसंच चालू राहिलं. तो म्हणायचा, "वहिनींना सांगा, ह्यो लाल कच्चा हाय, धुतला तर रंग जाईल." मी म्हणायचो, सांगतो. कधी म्हणायचो, "ती म्हणते, मागच्या राखाडीपेक्षा अर्धी शेड फिकी द्या." अशी माझी एक भरतकाम करणारी बायको त्या दुकानात कित्येक वर्षं नांदली. खऱ्या बायकोला साधं बटण लावायला सांगितलं तर ती म्हणायची, "दोऱ्यात हात गुततोय माझा, तुमीच लावा." उसात खुरपं घेऊन उतरली की मात्र दोन गड्यांना ऐकत नसे.

पूर्ण झालेलं विमान मी गावी न्यायचो. तिथं पुढच्या सोप्यात काच लावून टांगायचो. आई-वडिलांनी, बायकोनं कौतुक केलं, पण मला ते दाखवायचं होतं मुलीला. ती मला कशानेच हाक मारत नसे. मी दारात आलो की आत तोंड करून "आई, आल्यात" एवढं म्हणायची. पाण्याचा तांब्या आणून द्यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, आणि आईच्या पदराआड निघून जायची. पाहुण्याशी वागतात तशी ती माझ्याशी फार नीट वागायची. मी विमानाजवळ उभा राहून सांगायला लागायचो, बघ, हे डकोटा उभं असताना नाक वर करून असतं, कारण मागचं चाक एवढंसं असतं. ती मान हलवायची. तिची नजर दाराकडे असायची.

ती पाचवीत असताना शाळेत माता-पालक मेळावा निघाला. बाईंनी सांगितलं, प्रत्येकीनं आईच्या हातची एक वस्तू आणायची. बाकीच्या मुलींनी रुखवताच्या वस्तू नेल्या, विणलेले रुमाल नेले, मण्यांचे ससे नेले. आमच्या घरात आईच्या हातचं म्हणजे शेणी आणि भाकरी. पोरीनं सोप्यातलं हार्वर्ड खाली उतरवलं आणि नेलं. आईनं केलंय म्हणून सांगितलं. पहिला नंबर आला.

पुढच्या खेपेला मी गेलो तर बायको हसत होती. "आवं, तुमचं इमान माझ्या नावावर उडाया लागलंय," ती म्हणाली. तिनं सगळं सांगितलं. शाळेच्या बाई घरी येऊन तिचे हात हातात घेऊन गेल्या होत्या. गल्लीतल्या दोघी शिकवा म्हणून मागे लागल्या होत्या, तर हिनं डोळं दुखत्यात म्हणून वाटेला लावलं होतं. मुलगी उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला राग आला होता. खरं सांगायचं तर राग नव्हता, वाईट वाटलं होतं, पण ते मला नीट ओळखता येत नसे आणि मी त्याला राग समजायचो. गप्प जेवलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. आणि बोलणार तरी काय, दुकानात हेच खोटं मी कितीतरी आधीपासून बोलत होतो. त्या दिवसापासून घरात अळीमिळी गुपचिळी झाली.

पावसाळ्यात कोयनेला एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर ओळखीचं नव्हतं. आत पाठ्यपुस्तकात शिकवतात तसा मायना होता, तीर्थरूप पप्पा यांस, शि. सा. न. वि. वि. मेळावा यंदाही आहे. बाईंनी सांगितले आहे की आईने यंदाही विमान करावे. दोन शेपट्यांचे चालेल. कोपऱ्यात आईचे नाव घालावे, म्हणजे बरे. बाकी सर्व ठीक. आपली, आणि पुढे नाव. तिनं मला लिहिलेलं ते पहिलं पत्र. पप्पा हा शब्द तिच्याकडून मला पहिल्यांदा मिळाला तो असा, कागदावर, आणि कामासाठी. मी ते पत्र दिवसातून दोन-तीनदा वाचायचो. पडत्या फळाची आज्ञा मानून त्याच संध्याकाळी पॅकेटचा फोटो काढला.

पॅकेट झालं. कोपऱ्यात तांबड्या दोऱ्यानं मी बायकोचं नाव भरलं, सौ. सकट. सुई खुपसताना हात थांबला हे खरं. पंधरा वर्षं जे केलं नाही ते मी स्वतःच्या हातानं केलं, आणि कुणासाठी केलं तर जिनं सांगितलं तिच्यासाठी. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही नंबर आला. तिची पत्रं मात्र यायला लागली. किती झाले? शेपटी झाली का? बाई विचारत आहेत. मी उत्तरात पानभर लिहायचो, पॅकेटचं मागचं दार कसं उघडतं, त्यातून माल कसा खाली टाकतात, एकदा आम्ही आत बसून पाऊस कसा काढला. त्यावर ती कधी काही लिहीत नसे. पुढच्या पत्रात पुन्हा तेच, किती झाले?

मला एकच गोष्ट हवी होती. नंबर, बक्षीस गेलं खड्ड्यात. तिनं एकदा चारचौघांत म्हणावं, हे माझ्या पप्पांनी केलंय. जमिनीवर बसून भरताना माझ्या मनात हेच चालायचं. कधी ते इतकं स्पष्ट दिसायचं, की मोजणी चुकायची आणि रांगच्या रांग उसवावी लागायची.

ती आठवीत गेली तेव्हा जिल्ह्याचं प्रदर्शन सांगलीला ठरलं. शाळेनं आईचंच नाव पाठवलं. या खेपेला मी मोठं डकोटा घेतलं, दोन वीत रुंद, आणि सगळा पावसाळा त्याला दिला. जसं रोज सकाळी आमच्या समोर उभं असायचं तसं. चाकांना ठोकळे, नाकाखालच्या वेग मोजायच्या नळीवर लाल टोपी आणि तिची लोंबती फीत, शेपटीच्या पट्ट्या हलू नयेत म्हणून लावलेल्या लाकडी फळ्या. आणि डाव्या इंजिनाखाली जमिनीवर तेलाचा डाग. ती जुनी इंजिनं गळायचीच. आमच्यात म्हणायचे, तेल गळायचं थांबलं तर खूश होऊ नका, ते संपलंय. तो डाग भरायला मला चार दिवस लागले. काळा, गडद तपकिरी, मातकट, असे तीन रंग एकमेकांत मिसळले होते. ओलं तेल वाळत आल्यावर कडेनं कसं दिसतं ते मला डोळे मिटून दिसायचं.

नुसतं कापड आधी गावी पाठवून दिलं, काच तिकडंच लावायची होती, आणि प्रदर्शनाच्या दिवशी रजा काढून मी थेट सांगलीला गेलो. एका शाळेच्या सभागृहात बाकं लावून त्यावर वस्तू मांडल्या होत्या. बायको नवीन लुगडं नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन डकोटाशेजारी उभी होती. तिच्या बाजूला मुलगी, दोन वेण्या, गणवेश. चित्राखाली चिठ्ठी लावलेली, सौ. अमुक, मु. कुंडल. मी जरा लांब, खिडकीपाशी उभा राहिलो. लाल फितीभोवतीचं कापड मला थोडं गुलाबी झाल्यासारखं वाटलं, पण तिथून नीट दिसत नव्हतं.

परीक्षक तिघे होते. दोन बायका, आणि एक उंच म्हातारे गृहस्थ. सांगलीतच राहणारे, हवाई दलातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, असं शाळेच्या बाईंनी आधीच कौतुकानं सांगून ठेवलं होतं. ते डकोटापुढे आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि वाकून बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले, की बाकीच्या दोघी पुढे जाऊन परत आल्या.

"हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी माझ्या बायकोला पुढे केलं.

"ताई, फार सुंदर आहे. किती दिवस लागले?"

"पावसाळाभर लागला की," बायको म्हणाली. इथवर तिचं पाठ होतं.

"आणि इथं खाली हे काय दाखवलंय?" त्यांनी इंजिनाखाली बोट नेलं.

बायकोचा चेहरा पडला. "त्यो डाग हाय सायेब," ती म्हणाली. "कवातरी खोबरेल सांडलं आसंल. म्या दोनदा साबनानं धुतला, पर जातच न्हाई."

शाळेच्या बाई हसल्या. दुसऱ्या दोघीही हसल्या. तेव्हा मला कळलं फितीभोवतीचं कापड गुलाबी का झालं ते, धुताना कच्चा लाल उतरला होता. म्हातारे गृहस्थ हसले नाहीत. ते हळूच सरळ झाले आणि त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. ती माझ्यापाशी येऊन थांबली. मी दोन्ही हात मागे बांधून, पाय थोडे फाकवून उभा होतो. पंधरा वर्षांत अंगात मुरलेलं उभं राहणं ते, लपवता येत नाही.

"तुम्ही यांचे यजमान?" ते जवळ येऊन म्हणाले. "कुठल्या स्क्वाड्रनला होता?"

मी सांगितलं. आवाज मोठा निघाला, साहेबाला द्यायचा तसा.

"आणि तो डाग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मुलीकडे बघितलं. ती टक लावून माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे झालेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि हातानं आईचा पदर सोडून स्वतःच्याच वेणीचं टोक धरलेलं. तीन वर्षं बोललेलं खोटं आता बाईंसमोर, मैत्रिणींसमोर उघडं पडणार म्हणून पोर भेदरली आहे, असं मला वाटलं. नको म्हणतेय, असं वाटलं. आणि मला तिचा इतका कळवळा आला, की मी क्षणभरही विचार केला नाही.

"डाग दाखवायला मी सांगितलं होतं, साहेब," मी म्हणालो. "टाके हिचेच आहेत. हिला तेल काय ते माहीत नाही, म्हणून घोळ झाला."

बोलता बोलता माझा हात पुढे आला होता, त्यांनी त्याकडे बघितलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला सुईनं टोचून टोचून घट्टा पडलेला होता. मी हात मागे नेला.

"अस्सं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "आपल्याकडे अशी सही चालत नव्हती."

मी "नाही साहेब" म्हणालो. ते पुढे गेले.

दुसरा नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला, बायकोनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्यांना नमस्कार केला. मला मनातून बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. आपण पोरीसाठी काहीतरी सोसलं, असलं ते बरं वाटणं. तिला ते कळलं असेल, आता ती माझ्याशी दोन शब्द बोलेल, असाही हिशेब मनात होता.

सांगलीच्या स्टँडवर बायको डबा घेऊन पाणी प्यायला गेली. चित्र माझ्या हातात होतं, काचेला कागद गुंडाळलेलं. मुलगी माझ्याशेजारी उभी होती, जवळ कुणी नव्हतं. बराच वेळ ती येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी का सांगितलं न्हाई?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"तुमी केलंय म्हनून. त्या सायबास्नी कळलं हुतं. ते इचारत हुते तुमाला."

"अगं, तुझ्यासाठीच," मी म्हणालो. "तुझी शाळा, तुझ्या बाई..."

"मी तुमच्याकडं बघत हुते," ती म्हणाली. "मला वाटलं, आता पप्पा सांगत्याल. तुमी सांगितलं असतं तर मला बी सांगता आलं असतं. पाचवीत मी एकदाच बोलून गेले. मंग मागं घेता यीना. दरसाल मला वाटायचं, तुमी याल आन् सगळ्यांफुडं म्हनाल, माझं हाय म्हनून. तुमी नावसुद्धा आईचंच घालून पाठवलं."

"तूच लिहिलं होतंस पत्रात."

"मी ल्हिलं हुतं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाट्यांकडे बघायला लागली.

पप्पा. तिच्या तोंडून मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला वाटत होतं ती मला गप्प बसा म्हणतेय. ती बोला म्हणत होती. एवढाच फरक होता, आणि वर्षातले पंधरा-वीस दिवस घरी असणाऱ्या बापाला तो कळला नाही. माझ्या जागी कुठल्याही पोराच्या आईला कळला असता. शेजारच्या वहिनींना कळला असता. ज्या कानांना इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी झोपेत कळायचं, त्या कानांचा आणि या डोळ्यांचा माझ्या मुलीला काही उपयोग झाला नाही.

बायको आली. गाडी लागली. दोघांच्या बाकावर त्या दोघी बसल्या, मी त्यांच्या मागे. पोरीनं खिडकी घेतली. कुंडल येईपर्यंत मी तिच्या दोन वेण्यांकडे बघत होतो. हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, चुकलं माझं, पोरी. एवढंच करायचं होतं. हात पोचेल इतक्या जवळ ती होती. मी ते केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कोयनेला परत आलो. त्यानंतर तिचं पत्र आलं नाही.